टाकी दिसते

४ ऑक्टोबर, सोमवार

मोठ्या बाईंनी आज फर्मान काढलं. आगीचा हंगाम सुरू झाला, तेव्हा प्रत्येकाने रोज काय ठरवलं आणि का ठरवलं ते वहीत लिहायचं. ऑफिसच्या वहीत मी ‘काय’ लिहीन. ‘का’ला मला ही वही लागेल, कारण माझी बरीचशी कारणं बाईंना दाखवण्यासारखी नसतात.

माझं काम धुराच्या कडा काढण्याचं. उत्तरेला डोंगरावरची जंगलं पेटतात, दक्षिणेला कापणी झालेली शेतं पेटवतात, आणि दोन्हीकडचा धूर वाऱ्याबरोबर कुठे निघालाय ते मी उपग्रहाच्या चित्रावर हाताने आखते. पातळ, मध्यम, दाट. साडेआठला नकाशा शाळांना आणि दवाखान्यांना जातो. मुलांना मैदानावर सोडायचं की वर्गात कोंडायचं हे ते त्यावरून ठरवतात.

चित्रातले ढग काढून टाकायला एक चाळणी आहे. म्हणजे कॉम्प्युटरातली. ती आमच्या ढगोबाने लिहिली. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, बोलतो कमी, डबा अकरालाच संपवतो. चाळणी चांगली आहे. खोट एवढीच की धूर फार दाट झाला की तिला तोही ढग वाटतो, आणि जिथे धूर सगळ्यात जास्त तिथेच नकाशा कोरा राहतो. म्हणून ऑफिसात नियम आहे, शंका आली की जमिनीला विचारायचं. जमीन म्हणजे गावोगावची हवा मोजायची यंत्रं, आणि यंत्रं नसतील तिथे आमचे निरीक्षक. ते घरच्या खिडकीतून लांबचं काहीतरी दिसतं का ते बघतात आणि फोन करतात.

निरीक्षक क्रमांक सतरा म्हणजे माझे बाबा.

खरं सांगायचं तर ते नाटक होतं. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि बाबा खुर्चीत बसले ते उठेचनात. मग मी युक्ती केली. ‘बाबा, तुमच्या खिडकीतून टाकी दिसते ना? रोज सकाळी सव्वासातला बघायचं आणि मला सांगायचं. नकाशात जातं ते.’ गावाच्या पाण्याची ती टाकी त्यांनी एकतीस वर्षं सांभाळली, सोडणं-भरणं सगळं त्यांच्याच हातचं. घरापासून किलोमीटरभर लांब, टेकाडावर. नकाशात काही जात नव्हतं, कारण गावच्या शाळेवर यंत्र आहे. पण बाबांनी वही आणली, घड्याळ पाच मिनिटं पुढे लावलं आणि अंघोळ करून निरीक्षणाला बसायला लागले.

आमच्या चित्रात एक ठिपका म्हणजे अर्धा किलोमीटर. बाबांचं घर एका ठिपक्यात, टाकी तिथून दोन ठिपके पलीकडे. रोज सगळ्यात आधी मी ते ठिपके बघते. हे बाईंना सांगायचं नाही.

६ ऑक्टोबर, बुधवार

डोंगरात तीन नव्या आगी. दक्षिणेला तर मोजण्यात अर्थ नाही, दुपारी दोन वाजले की शेतं लागोपाठ पेटतात. सबंध दिवस कडा काढून मान आखडली.

काल केस कापले, अगदी खांद्याच्या वर. बाबांना फोटो पाठवला. आज विचारलं, कसा वाटला फोटो? तर म्हणाले, ‘छान. नकाशा झकास काढलायस.’ मी इतकी हसले की ढगोबाने वळून बघितलं. बाबांचं लक्ष कुठे असतं कोण जाणे. ‘अहो, तो माझा फोटो होता,’ म्हटलं, तर म्हणे, ‘तेच ते, ठमे. तूही झकासच.’

९ ऑक्टोबर, शनिवार

शाळेवरचं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीला गेलंय, पंधरा दिवस तरी येत नाही. म्हणजे गावाच्या त्या सबंध खोऱ्यात आता जमिनीवरचा माणूस एकच.

बाबांना सांगितलं, आजपासून तुमच्यावर खरंच भिस्त आहे. ‘खरंच’ हा शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. पण त्यांच्या काही लक्षात आलं नाही. म्हणाले, ‘एकतीस वर्षांत एक दिवस पाणी चुकवलं नाही, हे काय चुकवणार.’

त्यांना दमा आहे. डॉक्टरांनी बजावलंय की धुराच्या दिवशी खिडक्या लावून आत बसायचं. रोजचं ते आमचं ठरलेलं: ते मला टाकी सांगतात, मी नकाशा बघून त्यांना खिडकी सांगते. उघडी किंवा बंद. माझ्या शब्दाबाहेर जात नाहीत. लहानपणी मी त्यांचं एवढं ऐकलं असतं तर आईचं आयुष्य सुखात गेलं असतं.

१३ ऑक्टोबर, बुधवार

खोऱ्यात आज पांढरा डाग. सकाळच्या पहिल्या चित्रात गाव दिसतच नव्हतं. चाळणी म्हणते ढग, जमिनीलगतचा. म्हणजे धुकं. या दिवसांत पडतंही.

पण मला तो रंग नीट वाटला नाही. धुकं कसं धुतल्यासारखं पांढरं असतं. हे जरा मळकट होतं. एकदा वाटायचं मळकट आहे, एकदा वाटायचं आपले डोळे शिणलेत. रात्रभर वारा पडलेला, वर डोंगरात आगी. धूर उतरून खोऱ्यात साचला असेल तर?

जमिनीला विचारलं. सव्वासात.

‘टाकी दिसते का?’

‘दिसते की.’

‘नीट बघा बाबा. आज महत्त्वाचं आहे.’

थोडा वेळ गेला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ‘दिसते. शिडी दिसते, वरचा कठडा दिसतो. थोडं धुकं आहे खाली, बाकी लख्ख.’

या वयात किलोमीटरभरावरची शिडी दिसते. मला चाळिशीतच चष्मा लागला, हेवा वाटला. खोकत होते जरा. मी विचारलं, वास येतोय का कसला? म्हणाले, ‘येतो थोडा. कुणीतरी पाला पेटवला असेल. तुझ्या नकाशात नाही ना? मग नाही.’

शिडी दिसते म्हणजे धूर नाहीच. डाग धुकं म्हणून सोडला, खोरं कोरं ठेवलं. बाबांना सांगितलं, खिडकी उघडी चालेल.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

डाग तिथेच. धुकं अकरापर्यंत विरायला हवं होतं, दुपारपर्यंत होतं. बाबा: टाकी दिसते. खोरं कोरं.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

ढगोबा आज आपणहून माझ्या टेबलाशी आला. हे वर्षातून दोनदा होतं. ‘खोऱ्याचं काय करतेयस?’

‘धुकं. तुझीच चाळणी म्हणतेय.’

‘माझ्या चाळणीला मी चांगला ओळखतो,’ तो म्हणाला. ‘तीन दिवस धुकं? मला धूर वाटतो. निदान मध्यम तरी आख.’

माझं डोकं फिरलं. का फिरलं ते आता लिहिताना नीट कळत नाही. म्हटलं, ‘तिथे माझा माणूस बसलाय खिडकीत. त्याला टाकीची शिडी दिसतेय. तुला इथून काय जास्त दिसतं?’

‘एकच माणूस आहे.’

‘नियमात एकच लागतो.’

तो गेला. जेवायला बोलावलं नाही त्याने, मीही गेले नाही. खरं म्हणजे तो चुकीचं काही बोलला नव्हता. पण ते बाबांना खोटं पाडण्यासारखं वाटलं, आणि ते मला सहन होत नाही. एकदा खेळ म्हणून त्यांना काम दिलं, आता खरं काम आलं तर माझाच विश्वास नाही, असं कसं चालेल?

मध्यम आखून ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? शाळांचे दोन खेळाचे तास बुडाले असते, एवढंच.

१७ ऑक्टोबर, रविवार

फोन शेजारच्या काकूंनी उचलला. त्या शिवणकाम करतात, मशीन आमच्याच ओसरीवर ठेवतात, येता-जाता बाबांकडे बघतात. मला केवढा आधार. म्हणाल्या, ‘झोपलेत. खोकून खोकून थकले. काल मी म्हटलं खिडकी लावते, तर म्हणे पोरीने उघडी सांगितलीय.’

‘बाहेर कसं आहे, काकू?’

‘आहे बाई धुरकट. पण तुम्ही लोक वरून बघता, तुम्हाला जास्त कळतं. मी मेली सुईत दोरा ओवायला दहा मिनिटं लावते.’

मी विचारलं, टाकी दिसते का. म्हणाल्या, ‘ते तुमचं बाप-लेकीचं आहे ना, मी नाही त्यात पडत.’ आणि नव्या पाइपलाइनचं सांगत बसल्या. पाणी आता थेट धरणावरून येतं, चोवीस तास, पूर्वीसारखी वाट बघायला नको.

काकू अशाच. एक विचारावं तर दुसरंच सांगतात.

सध्या तिकडे जाणं शक्य नाही, हंगाम संपला की जाईन. मागे गेले होते ते जानेवारीत. बाबाच म्हणतात, येऊ नकोस, तुझं काम महत्त्वाचं.

१८ ऑक्टोबर, सोमवार

पूर्वेकडचा पट्टा मी काल आखला होता तसाच सरकला, तासाचाही फरक नाही. तिथला आजी-आजोबांचा आश्रम वेळेत रिकामा केला. बाईंनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, ‘यात सतरा नंबरचा काही हात?’ मी म्हटलं, आहे तर.

श्वास लागत होता त्यांना, वाक्य दोनदा तोडून बोलले. टाकी दिसते.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

पहाटे वारा फिरला. पहिल्या चित्रात खोऱ्यातला डाग एका बाजूने उसवला होता आणि त्याची लांब शेपटी खिंडीतून बाहेर निघाली होती. मागे मागे गेले तर दुसरं टोक थेट डोंगरातल्या आगीवर.

धुकं असं निघत नाही.

सहा दिवस. तो धूर होता, आणि दाट होता. सहा दिवस मी त्या खोऱ्यावर काहीच आखलं नाही. ढगोबाने माझ्या खांद्यावरून बघितलं आणि परत आपल्या टेबलाशी गेला. ‘मी म्हटलं होतं’ म्हणाला असता तर बरं झालं असतं.

सात वाजून पाच मिनिटांनी, मी फोन करायच्या आधीच, काकूंचा फोन. बाबांना दवाखान्यात नेलंय.

२० ऑक्टोबर, बुधवार

खोली दोन माणसांची, दुसरा पलंग रिकामा. बाबांच्या तोंडावर मास्क, नळी, बाजूला बुडबुडणारी बाटली. इतके लहान कधी झाले कळलं नाही.

डॉक्टर मुलगी तरुण आहे, घाईत असते. छातीचा फोटो दाखवला, धुराने दम्याचं काय होतं ते सांगितलं. मी मान हलवत होते. धुराचं मला शिकवावं लागत नाही. जाता जाता तिने विचारलं, ‘यांना किती दिवसांपासून दिसत नाही?’

मी म्हटलं, कुणाला?

‘उजवा डोळा पूर्ण गेलाय, डाव्याला फक्त उजेड-अंधार कळतो. हे काही आजकालचं नाही. वर्ष तरी झालं असेल. घरी कुणाच्या लक्षात नाही आलं?’

मला खुर्ची मिळेना. ती तिथेच होती.

संध्याकाळी मास्क थोडा वेळ काढला. मी त्यांच्याजवळ बसले. ओरडायचं ठरवून बसले होते.

‘का नाही सांगितलंत, बाबा?’

त्यांनी आधी श्वास गोळा केला. मग, ‘दिसत नाही म्हटलं असतं तर... माझ्या जागी दुसरा नेमला असतास.’

‘अहो, दुसरा कुठून आणणार होते मी?’

‘सकाळी तुझा फोन यायचा, ठमे. त्यासाठी उठायचो.’

मी सांगितलं, फोन मी असाही केला असता. ते म्हणाले, ‘आधी कुठे करायचीस?’ रागाने नाही. सहज, जसं पाणी किती वाजता सोडायचं हे सांगावं तसं.

खरंच नव्हते करत. रविवारी, तोही आईला.

‘पण धूर होता, बाबा. वास तर येत होता तुम्हाला.’

‘तुझ्या नकाशात नव्हता ना.’

माझ्या नकाशात नव्हता, कारण त्यांना टाकी दिसत होती. त्यांनी खिडकी उघडी ठेवली, कारण माझ्या नकाशात नव्हता. मी ते दोन-तीनदा मनात फिरवून बघितलं, कुठे तिसरं कुणी सापडतं का. नाही सापडलं.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी त्यांनी विचारलं, किती वाजले. मी म्हटलं, सव्वासात. त्यांनी मान खिडकीकडे वळवली. दवाखान्याची खिडकी मागच्या भिंतीकडे उघडते, समोर नुसत्या विटा. ‘टाकी...’ म्हणाले. मी म्हटलं, दिसते बाबा. त्यांना बरं वाटलं.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

बाबा गेले. दुपारी दोनला. काकू घरून त्यांचा सदरा घेऊन येत होत्या, तो तसाच पिशवीत राहिला.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

आज घरात एकटी होते. हवा स्वच्छ, वारा चांगला सुटलेला. बाबांच्या खुर्चीत बसले. खुर्चीचं तोंड खिडकीकडे, खिडकीत टेकाड, टेकाडावर झुडपं.

टाकी नव्हती.

मी उठून खिडकी पुसली. खिडकी स्वच्छच होती. टेकाडावर चार सिमेंटचे बुंधे, गुडघाभर उंचीचे असतील, आणि वर आकाश.

काकूंना हाक मारली. त्या मशीनवरून उठल्या, पदराला हात पुसत आल्या, आणि माझ्याकडे बघून तिथेच दारात बसल्या. ‘मार्चमध्ये पाडली गं. नवी लाइन आली ना. सगळी आळी एकमेकांना सांगत होती, त्यांच्या कानावर घालू नका. दिसत तर नव्हतंच त्यांना. एकतीस वर्षांची टाकी, कोण सांगणार? रोज सकाळी तुला फोनवर इतक्या अभिमानाने सांगायचे, दिसते म्हणून. मी आतल्या आत रडायची.’

‘मला तरी सांगायचंत, काकू.’

‘तुला वाईट वाटलं असतं.’

मला त्यांचा राग येत नाही. यायला हवा, पण येत नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना जपलं.

त्यांची वही आणि कंपासातली जुनी पट्टी पिशवीत घातली. उघडून बघायचं धाडस झालं नाही.

३ नोव्हेंबर, बुधवार

कामावर परत. चुकलेल्या दिवसांचे नकाशे दुरुस्त करावे लागतात, तसा नियम आहे. तेरा ते अठरा ऑक्टोबर. खोऱ्यावर सहाही दिवस कडा आखल्या, आत ‘दाट’ भरलं. हात रोजच्याच सफाईने चालला, याचंच जास्त वाईट वाटलं. त्या खोऱ्यात बाबांसारखी आणखी किती खिडक्या उघड्या राहिल्या असतील ते मला माहीत नाही, आणि कधी कळेल असंही नाही. शाळेची मुलं रविवार सोडून रोज मैदानावर होती.

प्रत्येक दुरुस्तीखाली एक रकाना असतो: चुकीचं कारण. मी पोचण्याआधीच तो भरलेला होता. ढगोबाचं अक्षर. ‘चाळणीतील दोष. दाट धूर ढग म्हणून वगळला गेला.’ खाली त्याची सही.

‘हे काय आहे?’ मी विचारलं.

‘खरंच आहे ते,’ तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. ‘चाळणीत दोष आहेच. तुझं नाव कशाला यायला हवं? जेवलीस का?’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतका भला माणूस, आणि त्याच्याशी मी भांडले. सही केली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. बाईही काही विचारणार नव्हत्या.

दुरुस्तीला निरीक्षकाची मूळ नोंद जोडावी लागते. म्हणून बाबांची वही शेवटी उघडली.

सुरुवातीची पानं वळणदार, तारीख, वेळ, टाकी दिसते. मग अक्षर मोठं होत जातं. मग ओळी एकमेकींवर चढायला लागतात, आणि तिथून पुढे प्रत्येक ओळीखाली पट्टीची रेघ आहे, आंधळेपणाने ओढलेली पण सरळ. पट्टी धरून, तिच्या कडेवर टेकवून लिहायचे. एक दिवस चुकलेला नाही. मार्चच्या पानावर थांबले. तिथे रोजच्यापेक्षा दोन ओळी जास्त होत्या. वाचायला वेळ लागला.

‘१९ मार्च. टेकाडाकडून मोठा आवाज. जमीन हलली. नंतर टाकीवरची कबुतरं बराच वेळ उडत होती, पंख ऐकू आले. कुणाला विचारलं नाही.’

आणि खाली, पट्टी धरून: ‘७.१५. टाकी दिसते.’

ते पान मी ढगोबाला दाखवलं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

मग मी पेन घेतलं. त्याने लिहिलेलं एका रेघेने खोडलं, सहीसकट. त्याने अडवलं नाही. रकाना लहान आहे, मोजकं लिहावं लागतं. मी लिहिलं: ‘निरीक्षक १७ यांना वर्षभर दिसत नव्हतं. नकाशा काढणारी त्यांची मुलगी. तिने कधी विचारलं नाही.’ खाली सही केली, आणि पान मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवून आले.